गॅरेज, व्हरांडा आणि बर्फाची लादी

ती. दादा,

तुम्हांला आणि वहिनींना आम्हां दोघांचा नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. (मिळून बारा दिवस झाले हे आत्ताच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तारखांवरून वाद नको.) वहिनींची पाठ आता बरी आहे हे वाचून बरं वाटलं आणि तुम्ही पहाटे फिरायला जायला लागलात हे वाचून आश्चर्य वाटलं. इकडे सगळं ठीक आहे. 'ठीक' या शब्दात माझ्या डाव्या अंगठ्याला बांधलेली पट्टी, कपाटामागून अजूनही निघणारे थर्माकोलचे दाणे आणि गॅरेज असूनही घराबाहेर उभी राहणारी गाडी, एवढं सगळं धरावं ही विनंती.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आई जेवतात का, आई बोलतात का, आणि ठरल्याप्रमाणे येत्या पंचवीस तारखेला त्यांना न्यायला येऊ का. तिन्हींची उत्तरं पोस्टकार्डावर मावली असती. पण मी बावीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो आहे. साहित्य, आकृती आणि कृती न लिहिता कुणी थेट निष्कर्ष लिहिला तर मी त्याचे गुण कापतो, मग स्वतःला सवलत कशी देऊ? दोन महिन्यांसाठी म्हणून आईंना सोडायला आलात तेव्हा फाटकापाशी तुम्ही मला बाजूला घेतलंत. हळू आवाजात म्हणालात की त्यांची कंपनी बंद पडली, त्या तुमच्याकडे राहायला आल्या, त्याला तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. डॉक्टरांना काही सापडत नाही. जागा बदलून फरक पडला तर ठीक, नाहीतर पुढे काय करायचं ते सुचत नाही. मी 'काळजी करू नका' म्हणालो खरा, पण पहिला आठवडा संपता संपता माझंही धाबं दणाणलं. आठ दिवसांत मी त्यांच्या तोंडून दोनच शब्द ऐकले होते, 'हो' आणि 'नको'. त्यातही 'नको' जास्त वेळा.

आता जागेविषयी. आमच्या निजायच्या खोल्या वर आणि आईंच्या गुडघ्यांना जिना चालत नाही, म्हणून त्यांची सोय काचबंद व्हरांड्यात केली होती, हे तुम्ही पाहिलंच आहे. पण तुम्ही आलात सकाळी आठला आणि गेलात साडेनऊला. त्या व्हरांड्याचं खरं रूप अकरानंतर दिसतं. आठ वर्षांपूर्वी तो उघडा होता आणि सगळं घर संध्याकाळी तिथे बसायचं. मग धूळ येते म्हणून मीच उघड्या बाजूंना काचा बसवून घेतल्या. (तेव्हा सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं. कौतुक करणाऱ्यांपैकी कुणीही नंतर तिथे बसलं नाही.) त्याला लागून पश्चिमेला गॅरेज, वर उघडा स्लॅब, पुढे पत्र्याचं शटर. गॅरेज दिवसभर तापायचं आणि मधल्या भिंतीतून सगळी धग व्हरांड्याच्या हवाली करायचं. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून लावला, तर दुपारी तीनला व्हरांड्यात एक्केचाळीस आणि गॅरेजमध्ये सेहेचाळीस. आणि त्यात तुमच्या मातोश्री वेताच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्राची घडी हलवताहेत, तक्रार म्हणून नाही. दिवाणखान्यात चला म्हटलं की 'नको'. तुमची बहीण मला काहीच बोलली नाही. ती बोलेनाशी झाली की मला हातपाय हलवावे लागतात, हा आमच्या संसारातला जुना नियम आहे.

वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही व्याख्या मला गाढ झोपेतून उठवलं तरी सांगता येतील. नववीच्या त्या धड्यावर माझा हात धरणारा आमच्या शाळेत कुणी नाही. पण या धड्याचा आपल्या गॅरेजशी काही संबंध असू शकतो, हे बावीस वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. ते आलं तेव्हा मात्र मला स्वर्ग दोन बोटं उरला. मी गाडीच्या टपावर बांधून थर्माकोलची शीटं आणली, पिवळ्या गोंदाचे डबे आणले आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला कामाला लागलो. दहा वाजता कळलं की तो गोंद थर्माकोल खातो. म्हणजे अक्षरशः खातो. पुढून पांढरंशुभ्र शीट आणि मागे हात जाईल एवढ्या विहिरी. (हा भाग रसायनशास्त्राचा असून तो विषय आमच्याकडे दुसऱ्या बाई शिकवतात.) दुसऱ्या आठवड्यात दुसरा गोंद आणला. सगळ्यात जास्त धग पत्र्याच्या शटरमधून येते हे मी हात लावून ठरवलं होतं, म्हणून आतून शटर खाली ओढलं आणि वरपासून खालपर्यंत दोन-दोन इंच जाडीची शीटं अशी चिकटवली की दोन शीटांमध्ये केस जाऊ नये. काम इतकं देखणं झालं की मी तुमच्या बहिणीला हाक मारली, आईंची खुर्चीही व्हरांड्यातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात आणून ठेवली, आणि समारंभाने शटर वर ढकललं.

दादा, शटर हे गुंडाळलं जाण्यासाठीच केलेलं असतं. ही गोष्ट मला त्या क्षणापर्यंत माहीत होती, फक्त आठवत नव्हती. आधी करकर असा आवाज आला, मग वरच्या नळकांड्यात थर्माकोल चिरडायला लागलं आणि ते सगळं पांढरं पीठ होऊन माझ्या डोक्यावर, गाडीवर आणि तुमच्या बहिणीने तिथेच वाळत घातलेल्या धुण्यावर पडलं. अडकलेलं शीट ओढायला गेलो त्यात अंगठा सापडला. आईंनी पटकन तोंड दुसरीकडे फिरवलं आणि पदर ओठांना लावला. जावयाचं रक्त त्यांना बघवत नाही असं वाटून माझं मन भरून आलं. त्या हसत होत्या हे मला दहा दिवसांनी कळलं.

मी हार मानणारा माणूस नाही. (असं तुमची बहीण म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात कौतुक किती हे मी खोलात जाऊन पाहिलेलं नाही.) शटर सोडलं आणि गॅरेजच्या बाकीच्या सगळ्या भिंती, छत, मधली भिंत, झरोके, सगळं थर्माकोलने बंद केलं. एकही फट ठेवली नाही. पहिल्या दिवशी शाळेतून आलो, नेहमीप्रमाणे गाडी आत घातली, शटर ओढलं आणि संध्याकाळी सातला थर्मामीटर पाहिला. पूर्वी त्या वेळेला गॅरेज अडतिसावर उतरलेलं असायचं. आता त्रेचाळीस होतं. मी थर्मामीटर झटकला. पुन्हा पाहिला. मग तो बिघडला आहे असं मोठ्याने जाहीर केलं, कारण बावीस वर्षांच्या धड्यापेक्षा एक थर्मामीटर बिघडणं मला परवडणारं होतं. आणि तेवढ्यात माझ्या मागून प्रश्न आला, "गाडी तापलेलीच आत घेता का हो, मास्तर?"

मी वळून पाहिलं. आई भिंतीला धरून गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, "मग झालं की. भिंतीला काय कळतं, धग उन्हाची की गाडीची? ती फक्त जाऊ देत नाही. आतलं आत, बाहेरचं बाहेर. आधी आत काय आहे ते बघायचं, मग दार लावायचं." एवढं बोलून त्या गाडीच्या टपावर हाताची मागची बाजू टेकवून, जशा आल्या होत्या तशा परत गेल्या. कित्येक आठवड्यांनंतर त्या पहिल्यांदाच एवढं बोलल्या होत्या. तुमच्या बहिणीला सांगायला मी जवळपास पळतच गेलो. काय बोलल्या असं तिने विचारलं, तर मी जरा चाचरलो, कारण त्यांनी माझा धडा माझ्यापेक्षा चांगला सांगितला होता.

आता एक गोष्ट विचारतो, रागावू नका. आमच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी तुम्ही सांगितलं होतंत की आई 'एका कंपनीत नोकरीला' आहेत. ती कंपनी म्हणजे बर्फाचा कारखाना, हे मला ओझरतं ठाऊक होतं. पण आई तिथे काय करतात हे मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि त्यांनी होऊन सांगावं असा त्यांचा स्वभाव नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसलो आणि विचारलं. दादा, एकतीस वर्षांच्या नोकरीपैकी चोवीस वर्षं बर्फाची कोठी त्यांच्या ताब्यात होती. संध्याकाळी जेवढ्या लाद्या आत जायच्या, त्यातल्या सकाळी किती वजनाच्या बाहेर येतात याचा जबाब त्यांना द्यावा लागायचा. कोठीचं दार किती वेळ उघडं राहतं, कुठल्या कोपऱ्यात बर्फ आधी घाम धरतो, भुसा कधी ओला झाला, सगळं त्यांच्या डोक्यात. मशीन थंडी करतं, त्या म्हणाल्या, पण ती टिकवतं माणूस. भर उन्हाळ्यात एकदा दीड दिवस वीज नव्हती, तेव्हा त्यांनी कोठीचं दार कुणालाच उघडू दिलं नाही, मालकालासुद्धा नाही. दारात खुर्ची टाकून बसून राहिल्या. आणि बर्फ टिकला. हे सांगताना त्या ताठ बसल्या होत्या. या बाईंना आम्ही महिनाभर काचेच्या पेटीत बसवून वारा घालायला वर्तमानपत्र दिलं होतं, याची मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून घराचा ताबा त्यांच्याकडे गेला. मी पदभार वगैरे सोडला असं काही नाही, तो कधी गेला तेच कळलं नाही. पहिला हुकूम गाडीला: गाडी बाहेर, अंगणात बांधलेल्या हिरव्या जाळीच्या सावलीत उभी राहील. (गॅरेज गाडीसाठी असतं असा एक क्षीण मुद्दा मी मांडून पाहिला. "गाडीचे गुडघे दुखतात का?" असं उत्तर आलं.) दुसरा हुकूम काचांना. मी व्हरांड्याला आतून जाड पडदे लावले होते आणि त्यावर खूश होतो. आईंनी मला पडदा आणि काच यांच्यामध्ये हात घालायला लावला. मी हात घातला आणि लगेच काढला. ऊन एकदा काचेच्या आत आलं की मग पडदा लावून काय करणार, ते आता घरातलंच माणूस झालं, असं त्या म्हणाल्या. म्हणून बांबूचे पडदे काचेच्या बाहेरून, काचेपासून वीतभर लांब टांगले. तिसरा हुकूम छताला. स्लॅबला वरून चुन्याचे दोन हात, आणि खालून दुसरं छत, मध्ये वीतभर पोकळी, पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची तोंडं, म्हणजे तापलेली हवा तिथल्या तिथे निघून जाईल. चकचकीत कागद मी शीटांच्या मागे, थेट सिमेंटला चिकटवून लावला होता. तो त्यांनी काढून पोकळीकडे तोंड करून लावायला सांगितला. असं का, हे मला पुस्तकाप्रमाणे माहीत होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर त्या सुताराशी बोलायला लागल्या होत्या.

सुताराविषयी थोडं लिहायला हवं. हा गृहस्थ कामाला पक्का आहे, पण त्याच्या कामापेक्षा त्याचं तोंड जरा पुढे चालतं. पहिल्या दिवशी आल्या आल्या त्याने मला सर, सर करून खुर्चीवर बसवलं आणि 'बायामाणसांना धुळीत कशाला' म्हणून आईंना आत जायला सांगितलं. आई गेल्या नाहीत. शटरच्या आतल्या बाजूला त्यांना लाकडाचं दुहेरी दार हवं होतं, बर्फाच्या कोठीला असतं तसं: चार इंच जाड, पोटात थर्माकोल गच्च भरलेलं, कडेने रबराची पट्टी. सुताराने असं दार जन्मात केलं नव्हतं, पण ते कबूल करण्याऐवजी त्याने असली पन्नास केली आहेत असं सांगितलं. पाच दिवसांनी दार उभं राहिलं. मुंगी आत गेली तर नाव बदलीन, असं म्हणून तो हात झटकत उभा राहिला. आईंनी माझ्या वहीच्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. एक पट्टी दार आणि चौकट यांच्यामध्ये धरून त्यांनी दार लावलं आणि पट्टी ओढली. पट्टी अलगद हातात आली. चार बोटं सरकून दुसरी, मग तिसरी. कोठीचं दार असं तपासतात: पट्टी फाटली पाहिजे, पण निघता कामा नये. अकरा ठिकाणी धरली, त्यांपैकी नऊ ठिकाणी निघाली. नऊ पट्ट्या आईंनी नीट जुळवून सुताराच्या हातात दिल्या. तो पाच मिनिटं बाहेर जाऊन बसला. मग आत आला, दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि म्हणाला, "मावशी, कुठून सुरुवात करू सांगा." दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा पट्ट्या फाटल्या. त्या दिवसापासून तो मला सर म्हणत नाही. मला काहीच म्हणत नाही. पण त्याच्या खिशात कागदाच्या पट्ट्या असतात आणि दुसऱ्यांच्या घरी त्या मोठ्या ऐटीत काढतो, असं ऐकतो.

याच दिवसांतली एक गोष्ट तुम्हांला मुद्दाम सांगतो. एका दुपारी आई गॅरेजमध्ये सुतारावर ओरडत होत्या. चांगल्या खणखणीत आवाजात, छताचा एक खिळा आरपार गेला म्हणून. (खिळा आरपार गेला की त्याच्यामागून धग येते, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे; लोखंड उष्णतेचं सुवाहक आहे.) मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर तुमची बहीण नळ तसाच वाहता ठेवून ओट्याशी उभी होती. मी नळ बंद केला. ती म्हणाली, "ऐकलंत? कामावरून घरी यायची तेव्हा तिचा आवाज असाच असायचा. दादा आणि मी जिन्यातून ऐकायचो." आणि मग ती रडली. मी तिथेच पेला धरून उभा राहिलो. मला अशा वेळी काय करावं ते सुचत नाही, पण त्या दिवशी गॅरेजमधलं ओरडणं थांबू नये असं मात्र फार वाटलं.

काम संपलं तेव्हा मी थर्मामीटर घेऊन सरसावलो, तर आईंनी तो बाजूला ठेवायला सांगितला. थर्मामीटर खोटा नाही, त्या म्हणाल्या, पण तो टांगला त्या जागेचं सांगतो. अख्ख्या खोलीचं खरं-खोटं बर्फच सांगतो. काम सुरू होण्याआधी त्यांनी माझ्याकडून पाच किलोचा एक तुकडा आणवून परातीत व्हरांड्यात ठेवला होता, तो का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. सकाळी नऊला ठेवलेला तो तुकडा दुपारी दीडला पाणी झाला होता. आता दुसरा आणायचा होता, आणि तो निवडायला त्या स्वतः आल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला बर्फाचा डेपो आहे. तिथल्या माणसाने एक लादी पुढे सरकवली. आईंनी बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक केलं आणि मान हलवली. दुसरीला तसंच. तिसरीवर टकटक करून त्या थांबल्या. तो माणूस बर्फ फोडायचा टोचा खाली ठेवून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, कुठल्या कारखान्यातल्या तुम्ही?" त्यांनी नाव सांगितलं. त्याने ते ऐकलेलं होतं! दादा, तो माणूस आत जाऊन खुर्ची घेऊन आला. मग दोघं कोठ्यांविषयी आणि भुशाविषयी असे काही बोलत बसले की मला दोनदा आठवण करून द्यावी लागली, बर्फ वितळतो आहे. 'बर्फ गोणपाटात आहे, तुम्हीच जरा सावलीत उभे राहा' असं मला सांगण्यात आलं.

नऊ वाजता तेवढाच तुकडा त्याच परातीत, व्हरांड्यात त्याच जागी ठेवला. ही बातमी बाहेर कशी गेली ते ठाऊक नाही (सुताराच्या तोंडाविषयी मी वर लिहिलंच आहे), पण दुपारपर्यंत समोरच्या घरातल्या दोघी, आमचे प्रयोगशाळा सहायक आणि स्वतः सुतार असे सगळे त्या बर्फाला बघायला आले. आईंनी दार सारखं उघडू दिलं नाही. तासातून एकदा, तेही एकेकाला. दीड वाजला. बर्फ होता. तीन वाजले, बाहेर रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं, आणि परातीत अजून विटेएवढा बर्फ होता. मी मारे त्रयस्थ शास्त्रज्ञासारखा वहीत नोंदी करत होतो, पण साडेपाचला तो वजन करून दीड किलो भरला तेव्हा मी वही टाकून टाळ्या वाजवल्या. सुताराने तर शिट्टी मारली. थर्मामीटर? तो माझ्या खिशात होता. चोरून पाहिला. भर तीनला तेहतीस.

आई परातीतलं पाणी मापात ओतून बघत होत्या. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या म्हणाल्या, "पावशेर जास्त गेलं. पूर्वेच्या काचेच्या खालच्या फटीतून." आणि पट्ट्या मागवल्या. तिथे खरंच फट होती.

तर उत्तरं. आई जेवतात, काल डब्यातली शेवटची पोळी माझ्याआधी त्यांच्या ताटात गेली. आई बोलतात, आता मला 'हो' आणि 'नको' म्हणायची पाळी आली आहे. गॅरेजमध्ये त्यांनी आपली खुर्ची आणि एक जुनं टेबल मांडलं आहे आणि आठवड्यात तीन घरची माणसं येऊन आपापल्या खोल्यांची रडगाणी त्यांना ऐकवून गेली. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसून आकृत्या काढतो. मला माणसांचं फारसं कळत नाही, हे तुम्ही जाणताच. पण इतकं शहाणपण इतक्या शांतपणे एखाद्याच्या जवळ असतं आणि आपण त्याला फक्त 'औषध घेतलंत का' विचारत राहतो, हे मी उभ्या आयुष्यात विसरणार नाही. मला त्यांचं फार फार कौतुक वाटतं, आणि ते तोंडावर सांगायचा धीर होत नाही म्हणून तुम्हांला लिहितो आहे.

वहिनींनी पाठीला जपावं. तुम्ही फिरणं सोडू नये. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. : तिसरा प्रश्न राहिला. दादा, हे सगळं लांबण मी त्या एका उत्तरासाठीच लावलं. पंचवीस तारखेला येऊ नका. म्हणजे या, चार दिवस राहा, थंड व्हरांड्यात झोपा, पण आईंना नेऊ नका. आई तुमच्या आहेत, हक्क तुमचा आहे, हे मी जाणतो. तरी हात जोडून मागतो.

ता. क. दुसरा : आणि पुढच्या महिन्यात नववीच्या वर्गावर उष्णतेचा धडा आई घेणार, बर्फासकट, असं मी मुख्याध्यापकांना सांगून बसलो आहे. आईंना अजून विचारलेलं नाही. त्यामुळे हे पत्र त्यांना दाखवलेलं नाही आणि तुम्हीही काही बोलू नका.

चि. दादास अनेक आशीर्वाद. मी आई लिहिते आहे. पाकीट डकवायला डिंक माझ्याकडेच असतो, म्हणून वाचलं. मास्तर चांगले लिहितात, पण मापं कच्ची. बर्फ दीड किलो नव्हता, सव्वा होता. टाळ्या वाजवून झाल्यावर पुन्हा तोलला. वर्गावर जाईन, त्यांना तसं सांगितलेलं नाही, जरा घाबरू देत. आता तुझ्याविषयी. तुझ्या घरी माझ्या पलंगामागची भिंत दुपारी दोनला तापायला लागते आणि रात्री जेवणं झाली तरी निवत नाही. तीच भिंत पुढे स्वयंपाकघराला आहे, सून दिवसभर तिच्याकडे पाठ करून स्वयंपाक करते, तिची पाठ त्यानेच धरते. मलम लावून काय होणार? हे मला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. पण मी उठले की तुम्ही सगळे 'आई, तुम्ही आराम करा' म्हणायचात, म्हणून तीन वर्षं आराम केला. तुझा राग नाही, तू मायेनेच म्हणायचास. भिंतीची लांबी, उंची आणि जाडी मोजून कळव. जाडी खिडकीच्या चौकटीत पट्टी धरून मोजायची, अंदाजे लिहायची नाही. माप आल्याशिवाय मी येणार नाही.